आजोबांचा हात की सायकलची वायर?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड जिल्ह्यातील कितीतरी वाड्या-वस्त्यांवर कर्ती माणसे उरत नाहीत. मुलगा आणि सून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. घरी राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळकरी नातवंडे. या पाच-सहा महिन्यांत घरातील सायकलीवर फार मोठा भार येतो. दूध डेअरीवर पोहोचवणे, रेशन आणणे, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या संपल्या तर बाजाराच्या गावी जाणे, हे सारे तिच्याच जोरावर होते. ही सायकल आता बहुधा आजोबांची जुनी काळी सायकल नसते. ती नातीची असते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेली, किंवा नातवाच्या हट्टापायी घेतलेली, जाड टायरांची.

या दोन सायकलींमधला एक फरक आमच्या दवाखान्यापर्यंत येऊन पोहोचतो. जुन्या काळ्या सायकलीचे ब्रेक सळईचे असत. लिव्हर दाबला की सळई ओढली जाई आणि रबराचे गट्टू रिमला भिडत. सळई वाकली तर गावचा लोहारही ती ठोकून सरळ करी. नव्या सायकलींचे ब्रेक वायरचे असतात. ते हलके, सुटसुटीत आणि चांगले असतात. मात्र वायर आणि तिच्यावरचे आऊटर नीट कापून बसवलेले असेल तरच. ते तसे नसले की सत्तरीतले गृहस्थ येऊन सांगतात, "डॉक्टर, हातातली ताकदच गेली. ब्रेक दाबवत नाही. टॉनिक लिहून द्या."

काहींचा हात खरोखरच आजारी असतो. परंतु पुष्कळदा हात ठीक असतो आणि दुखणे सायकलीला असते. दोहोंतला फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. तिला पैसा लागत नाही.

सायकल स्टँडवर उभी करावी. पुढचा ब्रेक आधी उजव्या हाताने दाबून पाहावा, मग तोच डाव्या हाताने. नंतर मागच्या ब्रेकचेही तसेच करावे. मागची वायर लांब असल्याने तो ब्रेक किंचित जड लागणे स्वाभाविक आहे. आता पाहावे की, दोन्ही ब्रेक एकाच हाताला जड लागतात काय? तसे असेल तर दोष त्या हाताचा आहे. एकच ब्रेक दोन्ही हातांना जड लागतो काय? मग दोष वायरचा आहे. दोन्ही ब्रेक दोन्ही हातांना जड लागत असतील, तर घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला लिव्हर दाबायला सांगावे. त्यालाही जड लागला तर टॉनिक सायकलीला हवे.

हाताचा दोष निघाला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. अंगठ्याच्या बुडाशी दुखणे आणि सकाळी बोटे आखडणे हे संधिवाताचे लक्षण असू शकते. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल तर मनगटातील शीर दबलेली असण्याचा संभव असतो. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर हँडलवर तळहाताचा भार फार पडतो आहे काय, हे पाहावे. मधुमेही व्यक्तींमध्ये बोट अडकून मग खटकन सुटण्याची तक्रार बरीच आढळते. एकंदर पकड किती क्षीण झाली हे मोजण्याचे साधे यंत्र असते. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी भरली तर स्नायूंच्या झिजेची शंका घ्यावी. यांतील प्रत्येकाला उपचार आहेत. मात्र आजचा विषय दुसऱ्या शक्यतेचा आहे, म्हणजे वायरचा.

ब्रेकच्या वायरची ही रचना शंभराहून अधिक वर्षांची आहे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी इंग्लंडमध्ये १८९६ साली तिचे पेटंट घेतले आणि आजही ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आत पोलादी तारांची पिळलेली वायर, बाहेर तिला वेढणारे आऊटर. ब्रेकची आतली वायर साधारण दीड मिलिमीटर जाडीची असून ती बारीक तारांच्या पिळातून बनलेली असते. बाहेरचे आऊटर पाच मिलिमीटरचे. वरचे प्लॅस्टिक सोलले तर आत चपट्या पोलादी पट्टीचे घट्ट वेटोळे दिसते, आणि त्याच्याही आत वायर सुळकन सरकावी म्हणून प्लॅस्टिकची बारीक नळी असते. लिव्हर दाबल्यावर आतली वायर ओढली जाते. पण त्याच वेळी बाहेरचे आऊटर तितक्याच जोराने दाबले जात असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आऊटरचे तोंड सपाट आणि गोल असावे लागते. ते चेपलेले असेल तर दोन गोष्टी घडतात. लिव्हरचा पहिला प्रवास ते तोंड दाबण्यातच वाया जातो, आणि आतली वायर त्या चेपलेल्या कडेवर घासत राहते. ब्रेक एकाच वेळी पोचट आणि जड लागतो. कालांतराने वायरचा एकेक धागा तुटू लागतो, आणि ती पुरती तुटते ती नेमकी जोरात ब्रेक दाबावा लागतो त्या क्षणी. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटाचा उतार ज्यांनी सायकलने उतरला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या वयात खुब्याचे हाड मोडले म्हणजे अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतची धावपळ, शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांचे परावलंबन. घरातली कर्ती माणसे तेव्हा उसाच्या फडात असतात.

हे तोंड चेपते कशाने? कापण्याच्या साधनाने. गावोगावच्या दुकानांत वायर पकडीने तोडतात किंवा लोखंडावर ठेवून छन्नीचा घाव घालतात. पकडीच्या धारा सरळ असतात. त्या वायरला दोन बाजूंनी दाबतात, उरलेल्या दोन बाजू मोकळ्याच राहतात. मग धागे त्या बाजूंना पसरतात आणि वायरचे टोक कुंच्यासारखे पिंजारते. आऊटरचे वेटोळे तर सरळ चपटेच होते. छन्नीने याहून वाईट अवस्था होते. बोथट कोयत्याने उसाचे कांडे छाटले तर ते कापले न जाता चेचले जाते, हे आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. वायरचेही तसेच होते. यात कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. दहा-वीस रुपयांच्या कामासाठी त्याने महागडे साधन घ्यावे, अशी अपेक्षा धरता येत नाही.

वायर व आऊटर कापण्याचा खास कटर मिळतो. त्याच्या दोन्ही पात्यांना पोपटाच्या चोचीसारखा बाक असतो. मिटताना त्या दोन चोचींमधली फट चोहोबाजूंनी लहान होत जाते, वायर मध्ये वेढली जाते आणि धाग्यांना पसरायला जागाच राहत नाही. निवड करताना पहिली कसोटी हीच. पाती सरळ असतील, तर पुठ्ठ्यावर काहीही छापलेले असो, तो कटर आपल्या कामाचा नाही.

दुसरी कसोटी पोलादाची. येथे फसगत होण्याचा संभव अधिक आहे. विजेच्या सामानाच्या दुकानात 'केबल कटर' मागितला की विजेची केबल कापायचा कटर पुढे येतो. त्याची पातीही बाकदार असतात, त्यामुळे तो बरोबर वाटतो. पण तो तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम या मऊ धातूंसाठी असतो. ब्रेकची वायर कठीण पोलादाची. दोन-चार कापांतच धारेला खाचा पडतात. नाशिकच्या सातपूर वसाहतीतील टपारियासारख्या नावाजलेल्या कंपनीची हत्यारे घराघरांत आहेत आणि उत्तम आहेत, परंतु कोणत्याही कंपनीचे हत्यार ज्या कामासाठी घडवले आहे त्याच कामाला वापरावे. दुकानदाराला 'सायकलची पोलादी वायर आणि आऊटर कापायचा कटर' असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

नावेच विचारायची झाली, तर जगभरातील सायकल कारागीर स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीचा 'सी ७' हा कटर मानतात. १९४५ साली स्थापन झालेली ही कंपनी मुळात फळबागांच्या छाटणीच्या कात्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या डाळिंब-द्राक्ष बागायतदारांना हे नाव सिकेटरमुळे परिचित असेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील पार्क टूल आणि जपानची शिमानो यांचेही चांगले कटर आहेत. या सर्वांच्या किमती हजारांत जातात. एरवी काहीशे रुपयांतही त्याच आकाराचे कटर मिळतात. ते सगळेच टाकाऊ नसतात. वर्षातून दोन-तीनदा काम असणाऱ्या घराला त्यांतला निवडून घेतलेला कटर पुरतो. फक्त तो निवडून घ्यावा लागतो.

निवड दुकानातच करावी. घरून जाताना जुन्या ब्रेक वायरचा आणि आऊटरचा हातभर तुकडा खिशात टाकावा. प्रथम कटर मिटून उजेडासमोर धरावा. पात्यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. पाती हाताने आडवी हलवून पाहावी. सांध्याच्या बोल्टात ढिलेपणा असेल तर वायर कापली न जाता दोन पात्यांच्या मध्ये मुरगळून अडकते. तो बोल्ट पान्याने कसता येणारा असेल तर उत्तमच, कारण चार वर्षांनी तो ढिला होणारच. यानंतर वायर एकाच जागी आठ-दहा वेळा कापावी. दहावा काप पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. कापलेल्या टोकावरून बोट न फिरवता भिंगातून किंवा वाचायच्या चष्म्यातून पाहावे: धागे एका पातळीत आहेत, की एखादा बाहेर डोकावतो आहे? शेवटी धारेकडे पाहावे. खाच दिसली तर कटर परत ठेवावा. दुकानदार कापून पाहू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी कसोटी हाताची. सायकलवाल्यांच्या चर्चेत ती सहसा येत नाही, पण या अंकाच्या वाचकांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची. कटरच्या मुठी पूर्ण उघडल्यावर जर बोटे दुसऱ्या मुठीपर्यंत पोहोचतच नसतील, तर संधिवाताच्या हाताने तो मिटवणार कसा? अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शिकेत, जोराच्या कामासाठी दोन मुठींचे हत्यार घेताना मुठींमधील अंतर उघडल्यावर सुमारे नऊ सेंटिमीटरहून अधिक नसावे आणि मिटल्यावर पाच सेंटिमीटरहून कमी नसावे, असे सुचवले आहे. हे माप पट्टीने घेता येते. मूठ अठरा-वीस सेंटिमीटर लांब असली की जोर कमी लागतो. मुठीवर रबराचे आवरण हवे, मात्र बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी टाळाव्यात. सुजलेल्या सांध्यांची बोटे त्या खाचांत बसत नाहीत आणि उलट टोचतात. आतली स्प्रिंग कटर आपोआप उघडण्यापुरती असावी. ती फार ताठ असेल तर वायरशी झुंजण्याआधी हाताला स्प्रिंगशीच झुंजावे लागते. मिटवून ठेवण्याची कडी एका अंगठ्याने लागली-निघाली पाहिजे.

काही कटरांना पात्यांच्या मागे एक-दोन लहान खोबणी असतात. त्यांत आऊटरचे किंचित चेपलेले तोंड पुन्हा गोल करता येते, तसेच वायरच्या टोकाला बसवायची टोपी दाबता येते. ही सोय असेल तर जरूर घ्यावी.

कटर प्रत्येक घरात असावा असे मी म्हणणार नाही. एका गल्लीतल्या चार-पाच कुटुंबांनी किंवा सकाळी एकत्र फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या गटाने मिळून एक चांगला घ्यावा आणि वायर बदलताना तो बरोबर घेऊन नेहमीच्या कारागिराकडे जावे. कारागीर हसेल, पण वापरील. मात्र कुंपणाची तार किंवा खिळा कापायला तो कोणालाही देऊ नये. एवढे पथ्य पाळले नाही तर सारा खर्च वाया गेला म्हणून समजा.

ज्यांना घरीच काम करण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. नवे आऊटर जुन्याशी लावून तेवढेच मोजावे. कापताना आत जुन्या वायरचा तुकडा राहू द्यावा. त्याने आऊटरचा गोलपणा टिकतो. कापल्यावर तोंड बारीक कानशीने सपाट करावे आणि आतल्या नळीचे तोंड टोच्याने अलगद मोकळे करावे. मग टोपी बसवून वायर ओवावी. वायर बोल्टाच्या पुढे चार-पाच सेंटिमीटर ठेवून मगच तोडावी आणि टोकाला टोपी दाबावी. ब्रेकसाठी गियरचे आऊटर कधीही वापरू नये. ते चार मिलिमीटरचे असते आणि त्यातल्या तारा बहुधा वेटोळ्याच्या नसून लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे जोरात ब्रेक दाबल्यास ते फुटू शकते. वायरला ग्रीस थापण्याचाही मोह टाळावा. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो. काम झाल्यावर लिव्हर दहा वेळा पूर्ण ताकदीने दाबून बोल्टातून वायर सरकत नाही ना हे पाहावे, आणि पहिली फेरी सपाट रस्त्यावर मारावी.

आता माझ्या खास प्रांतातले. वायर कापताना तुटलेला तुकडा उडतो. म्हणून सुटे टोक फडक्याने धरावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. वाचायचा असला तरी चालेल, नसण्यापेक्षा तो बरा. डोळ्यात कण गेल्यासारखे वाटले तर चोळू नये, घरी चिमट्याने काढण्याचा प्रयत्न करू नये, नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर पुढे एमआरआय तपासणीच्या वेळी ते आवर्जून सांगावे, कारण त्या यंत्राच्या चुंबकाने असा कण डोळ्यात हलू शकतो.

पिंजारलेले टोक बोटात टोचणे ही तर नित्याची गोष्ट. मधुमेहाने बोटांची जाणीव कमी झालेली असेल तर ते टोचल्याचे कळतही नाही. दोन दिवसांनी बोट सुजते तेव्हा कळते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, दर मिनिटाला उघडून पाहू नये. लाली, सूज, ठणका वाढत असेल तर थांबू नये.

धनुर्वाताच्या लसीविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. आपल्या देशात बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. म्हणजे आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना लहानपणी ही लस बहुधा मिळालेलीच नाही. स्त्रियांना निदान गरोदरपणी इंजेक्शने मिळाली, पुरुषांचे काय? दर जखमेला एक इंजेक्शन घेतले म्हणजे झाले, असा समज आहे. परंतु आधी तीन मात्रांचा पाया पूर्ण झालेला असावा लागतो. पहिली मात्रा, तिच्यानंतर महिनाभराने दुसरी आणि दुसरीनंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरी. पाया पूर्ण असेल तर स्वच्छ लहान जखमेसाठी शेवटच्या मात्रेला दहा वर्षे, आणि मळकट किंवा खोल टोचलेल्या जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील तरच पुन्हा इंजेक्शन लागते. पाया झालाच नसेल आणि जखम मळकी असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही द्यावे लागते. आता 'टीटी'च्या जागी 'टीडी' ही लस आली आहे. तिच्यात घटसर्पाविरुद्धचे संरक्षणही असते. घरातल्या ज्येष्ठांच्या मात्रा झाल्या आहेत का, हे दिवाळीनंतर मुले फडाकडे निघण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.

आणि ज्यांच्या घरी सायकल नाही, पण चार चाकांचा, हातब्रेकचा वॉकर आहे, त्यांनीही एकदा त्याच्या मुठीखाली पाहावे. तिथेही अशीच वायर आणि असेच आऊटर असते. वॉकरवर बसण्याची पट्टी असेल तर ब्रेक लावूनही तो मागे सरकतो काय, हे आधी रिकाम्या वॉकरवर हाताने दाब देऊन तपासावे. सरकत असेल तर वायर ताणून किंवा बदलून घ्यावी; आऊटर जुन्याच्याच लांबीचे घ्यावे आणि पकडीने नव्हे, कटरने कापून घ्यावे. तोवर आजींनी त्या पट्टीवर बसू नये.